अँड्रॉइडमध्ये व्ह्यूचे माप घेणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँड्रॉइड शिकणारे विद्यार्थी आणि ॲप लिहिणारे सहकारी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. माप हा व्ह्यूच्या (स्क्रीनवरच्या बटण, मजकूर, चित्र अशा प्रत्येक घटकाच्या) अंगचा गुण आहे, म्हणून तो केव्हाही विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात माप हे पालक व्ह्यू आणि त्यातील व्ह्यू यांच्यात ठरलेल्या व्यवहाराचे फळ असते आणि तो व्यवहार ठरावीक क्षणीच होतो. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.

१. डीपी म्हणजे नेमके काय? सरळ पिक्सेलमध्येच माप दिले तर काय बिघडते?

डीपी हे घनतेपासून अलिप्त असे एकक आहे. दर इंचाला १६० पिक्सेल असलेली स्क्रीन पायाभूत मानली असून तिच्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. बाकी सर्वत्र सूत्र एकच: पिक्सेल = डीपी × डीपीआय ÷ १६०. डीपीआय म्हणजे दर इंचाला असलेले पिक्सेल. घनतेचे ठरलेले गट १२०, १६०, २४०, ३२०, ४८० आणि ६४० डीपीआय असे आहेत, म्हणजे गुणक अनुक्रमे ०.७५, १, १.५, २, ३ आणि ४. १०० पिक्सेल रुंदीचे बटण पायाभूत स्क्रीनवर बोटभर दिसेल, तर ६४० डीपीआयच्या फोनवर त्याच्या चौथाईएवढे उरेल. बिघडते ते हेच.

मात्र बाजारातील फोन या गटांतच बसतात असे समजू नये. ४२०, ४४० आणि ५६० अशा मधल्या घनता सर्रास आढळतात. १०८० पिक्सेल रुंदीची स्क्रीन ४८० डीपीआयला ३६० डीपी भरते, ४४० ला सुमारे ३९३ आणि ४२० ला सुमारे ४११. दोन फोनचे रेझोल्यूशन सारखे असूनही एकावर मजकूर एका ओळीत मावतो आणि दुसऱ्यावर दोन ओळी होतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच निघते.

२. डीपी आणि एसपी यांत फरक काय? बटणाची उंचीही एसपीमध्ये द्यावी का?

एसपी हे अक्षरांच्या आकारासाठीचे एकक आहे. घनतेच्या गुणकाबरोबरच वापरकर्त्याने सेटिंगमध्ये निवडलेला अक्षरांचा आकारही त्यात गुणला जातो. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात आणि ही वाढ सरळ रेषेत होत नाही: लहान अक्षरे जास्त वाढतात, मथळ्यासारखी आधीच मोठी असलेली अक्षरे कमी वाढतात. म्हणून एसपीचे पिक्सेल करताना ‘स्केल्ड डेन्सिटी’ने स्वतः गुणाकार करणे आता चुकीचे ठरते, ‘टाइप्डव्हॅल्यू’मधील ‘अप्लाय डायमेन्शन’ वापरावे.

बटणाची उंची एसपीमध्ये देऊ नये. ती मजकुरावरून आपोआप ठरू द्यावी आणि किमान उंची तेवढी डीपीमध्ये द्यावी. असे का, ते प्रश्न ८ मध्ये एका फसलेल्या बटणाच्या उदाहरणाने सांगितले आहे.

३. ‘ऑनक्रिएट’मध्ये ‘गेटविड्थ’ विचारले की नेहमी शून्य येते. माझे काय चुकते?

आलेल्या प्रश्नांत हा पहिल्या क्रमांकाचा आहे. ‘ऑनक्रिएट’ ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा) तयार होताना चालते आणि ‘गेटविड्थ’ व्ह्यूची रुंदी सांगते. कोड चुकलेला नसतो, वेळ चुकलेली असते. ‘सेट कंटेंट व्ह्यू’ मांडणीची एक्सएमएल फाइल वाचून व्ह्यूंचे झाड उभे करते, पण त्या झाडाची मोजणी तेव्हा होत नाही. ॲक्टिव्हिटीचे ‘ऑनरिझ्यूम’ (पडदा वापरकर्त्यासमोर येताना चालणारे फंक्शन) पहिल्यांदा होऊन गेल्यावर झाड खिडकीला जोडले जाते आणि त्यानंतरच्या फ्रेमला तीन फेऱ्या होतात: आधी मापन, मग मांडणी, शेवटी रेखाटन. रुंदी आणि उंची मांडणीच्या फेरीत भरली जाते. त्याआधी विचाराल तर शून्यच मिळणार.

यात एक फसवी गोष्ट आहे. ‘ऑनरिझ्यूम’मध्ये पहिल्या वेळी शून्य मिळते, पण वापरकर्ता दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत आला की त्याच ओळीला खरी रुंदी मिळते. चाचणी करणारा फोन हातात धरून ॲप खाली-वर करत राहतो, त्याला सगळे ठीक दिसते, आणि तक्रार येते ती ॲप प्रथमच उघडणाऱ्याकडून.

४. मग माप घ्यायचे तरी कुठे? ५०० मिलिसेकंद थांबून घेतले तर चालते, तेवढे पुरे नाही का?

पुरे नाही. ५०० मिलिसेकंद तुमच्या फोनवर पुरतात. जुन्या, भरलेल्या फोनवर पुरतीलच असे नाही, आणि वेगवान फोनवर वापरकर्त्याला अर्धा सेकंद उगाच उडी मारणारी मांडणी दिसते.

व्ह्यूवर ‘पोस्ट’ बोलावणे हा सर्वांत सोपा मार्ग. व्ह्यू अजून खिडकीला जोडलेला नसेल तर दिलेले काम रांगेत राहते आणि पहिल्या मांडणीनंतर चालते. कॉटलिन वापरत असाल तर ‘डू ऑन लेआउट’ अधिक स्पष्ट आहे: मांडणी झालेली असेल तर लगेच, नसेल तर पुढच्या मांडणीला ते एकदाच चालते. माप वारंवार बदलणार असेल, जसे की मजकूर बदलल्यावर वाढणारा चौकोन, तर ‘ॲड ऑन लेआउट चेंज लिसनर’ लावावा. त्यात जुन्या आणि नव्या कडा दोन्ही मिळतात.

जुन्या उत्तरांत ‘ऑन ग्लोबल लेआउट लिसनर’ सुचवलेला आढळतो. तो चालतो, पण संपूर्ण झाडाच्या प्रत्येक मांडणीला बोलावला जातो, म्हणून काम झाल्यावर काढून टाकणे आपल्यावर असते. ‘ऑन प्री ड्रॉ’ वापरणाऱ्यांनी शेवटी ‘ट्रू’ परत करायला विसरू नये. ‘फॉल्स’ दिल्यास ती फ्रेम रेखाटलीच जात नाही आणि स्क्रीन गोठल्यासारखी वाटते.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. व्ह्यू ‘गॉन’ (जागाही न अडवता लपवलेला) असेल तर पालक सहसा त्याची मांडणीच करत नाही, त्यामुळे ‘डू ऑन लेआउट’ तो दिसू लागेपर्यंत चालणार नाही. जागा मोजायची आहे पण दाखवायचे नाही, अशा वेळी व्ह्यू ‘इनव्हिजिबल’ ठेवावा. तो दिसत नाही, पण जागा अडवतो आणि मोजलाही जातो.

५. ‘गेटविड्थ’ आणि ‘गेटमेझर्डविड्थ’ यांत फरक काय? मला दोन्हीकडे सारखाच आकडा दिसतो.

‘गेटमेझर्डविड्थ’ ही मापनाच्या फेरीत व्ह्यूने मागितलेली रुंदी, आणि ‘गेटविड्थ’ ही मांडणीच्या फेरीत पालकाने प्रत्यक्ष दिलेली रुंदी, म्हणजे उजवी कड वजा डावी कड. नेहमीचे पालक मागितले तेवढे देतात, म्हणून आकडे जुळतात. पालक स्वतः लिहिलेला असेल आणि त्याने ‘लेआउट’ला वेगळ्या कडा दिल्या, तर ते जुळणार नाहीत. व्यवहारात नियम साधा ठेवावा: स्वतःच्या ‘ऑनलेआउट’मध्ये मुलांची (आतील व्ह्यूंची) मोजलेली रुंदी विचारावी, बाकी सर्वत्र प्रत्यक्ष रुंदी.

६. रुंदीत पॅडिंग, मार्जिन आणि सावली धरलेली असते का?

पॅडिंग धरलेले असते. मार्जिन नसते, कारण ते पालकाच्या हिशेबातले असते. ‘एलेव्हेशन’मुळे पडणारी सावलीही धरलेली नसते, ती व्ह्यूच्या कडेबाहेर पडते आणि म्हणूनच पालकाच्या कडेला टेकलेल्या कार्डाची सावली अनेकदा कापलेली दिसते.

७. ‘मेझरस्पेक’ म्हणजे काय? आणि ‘रॅप कंटेंट’ (आतल्या मजकुराएवढेच माप घे) देऊनही माझा स्वतः लिहिलेला व्ह्यू सगळी स्क्रीन का व्यापतो?

पालक मुलाला जागा सांगतो तो निरोप म्हणजे ‘मेझरस्पेक’. तो ३२ बिटांचा एकच पूर्णांक असतो: वरच्या २ बिटांत प्रकार, उरलेल्या ३० मध्ये आकार. प्रकार तीन आहेत. ‘एक्झॅक्टली’ म्हणजे एवढेच घे. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे याहून जास्त घेऊ नकोस. ‘अनस्पेसिफाइड’ म्हणजे तुला किती हवे ते सांग, मर्यादा नाही.

पंगतीतल्या वाढप्यासारखा हा प्रकार आहे: पानात किती पडणार हे वाढपी आणि जेवणारा दोघे मिळून ठरवतात, पण पात्रे मांडणाऱ्याने पानाची जागा आधीच आखलेली असते.

आता दुसरा भाग. तुम्ही ‘ऑनमेझर’ लिहिले नसेल तर मूळ ‘व्ह्यू’ वर्गाचे चालते, आणि ते ‘ॲट मोस्ट’लाही ‘एक्झॅक्टली’सारखेच वागवते: मर्यादा जेवढी, तेवढे सगळे घेते. ‘रॅप कंटेंट’मुळे पालकाने ‘ॲट मोस्ट, १०८० पिक्सेल’ असा निरोप धाडला आणि तुमच्या व्ह्यूने १०८० घेतले. उपाय असा की ‘ऑनमेझर’ स्वतः लिहावे, आतील चित्राला किंवा मजकुराला लागणारी जागा काढावी, तीत पॅडिंग मिळवावे, आलेला आकडा आणि मेझरस्पेक ‘रिझॉल्व्ह साइझ’ला द्यावा आणि उत्तर ‘सेट मेझर्ड डायमेन्शन’ला द्यावे. ही शेवटची ओळ राहिली तर ॲप अपवाद फेकून बंद पडते, त्यामुळे निदान ती चूक लपून राहत नाही. पॅडिंग मिळवायचे मात्र बहुतेक जण विसरतात, आणि ती चूक मूग गिळून बसते.

‘ऑनमेझर’ एका मांडणीत दोनदा बोलावले जाते म्हणून घाबरू नये. ‘रिलेटिव्ह लेआउट’ मुलांना दोनदा मोजतो, वजन दिलेला ‘लिनिअर लेआउट’ही तसे करतो. असे पालक एकात एक ठेवले की मोजण्या दुप्पट होत जातात: ४ पातळ्यांनंतर सर्वांत आतला व्ह्यू १६ वेळा मोजला जाऊ शकतो. म्हणून ‘ऑनमेझर’मध्ये नवे ऑब्जेक्ट तयार करणे टाळावे.

८. इंग्रजी मजकूर बटणात व्यवस्थित बसतो, पण मराठीत मात्रा आणि ऊकार कापले जातात. असे का होते?

कारण देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली दोन्हीकडे जागा लागते आणि बटणाचे माप रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले असते.

काही वर्षांपूर्वी मी एका अर्ज भरण्याच्या ॲपवर काम करत होतो. बटणाची उंची मी ३६ डीपी अशी पक्की बांधली होती, वर-खाली ८-८ डीपी पॅडिंग होते, म्हणजे मजकुराला २० डीपी उरत होते. अक्षरांचा आकार १६ एसपी. माझ्या फोनवर सगळे सुरेख. तपासणीच्या दिवशी एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांचा फोन पुढे केला. त्यांनी अक्षरे १.३ पट केलेली होती, त्यामुळे १६ एसपीचे २०.८ डीपी झाले. नुसत्या अक्षराचा आकारच उरलेल्या जागेहून मोठा. ‘अर्ज पूर्ण करा’ या बटणावरच्या ‘पू’चा ऊकार खाली कापला गेला होता आणि बटण म्हणत होते, ‘अर्ज पर्ण करा’. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. चूक पूर्णपणे माझी होती.

यातून उतरलेले नियम असे. मजकूर असलेल्या कोणत्याही व्ह्यूला उंची पक्की देऊ नये. ‘रॅप कंटेंट’ आणि किमान उंची द्यावी. ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ हा गुणधर्म मूळचा चालू असतो. डिझाइनच्या चित्राशी ओळ तंतोतंत जुळावी म्हणून अनेक जण तो बंद करतात, तसे करण्याआधी ‘र्वां’, ‘कीं’ आणि ‘ह्रू’ अशी वर-खाली पसरणारी अक्षरे टाकून पाहावीत.

आणखी एक बारकावा आहे. अँड्रॉइडच्या नेहमीच्या रोबोटो या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. ती आली की प्रणाली पर्यायी फॉन्टकडे वळते, बहुधा नोटो सान्स देवनागरीकडे. ओळीची उंची मात्र मुख्य फॉन्टवरून काढली गेली तर ओळी एकमेकींत घुसतात. अँड्रॉइड ९ मध्ये यासाठी ‘फॉलबॅक लाइन स्पेसिंग’ हा गुणधर्म आला आणि त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपमध्ये ‘टेक्स्टव्ह्यू’ तो आपोआप पाळतो. पण स्वतः कॅन्व्हासवर अक्षरे काढत असाल तर ‘पेंट’चे नेहमीचे ‘गेट फॉन्ट मेट्रिक्स’ मुख्य फॉन्टचीच मापे देते. अँड्रॉइड १३ पासून ‘गेट फॉन्ट मेट्रिक्स इंट’चे मजकूर घेणारे रूप मिळते, जे प्रत्यक्ष वापरलेल्या सर्व फॉन्टांतील मोठी मापे परत करते. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ‘स्टॅटिक लेआउट’कडून ओळीची उंची घेणे बरे.

९. मजकुराची रुंदी ‘मेझर टेक्स्ट’ने काढावी की ‘गेट टेक्स्ट बाउंड्स’ने? दोन्ही वेगळी उत्तरे देतात.

दोन्ही बरोबर आहेत. प्रश्न वेगळे आहेत. ‘मेझर टेक्स्ट’ पेन किती पुढे सरकेल ते सांगते, म्हणजे अक्षराच्या आजूबाजूची मोकळी जागा धरून. ‘गेट टेक्स्ट बाउंड्स’ शाई जिथे जिथे लागेल तेवढाच घट्ट चौकोन देते. पुढचा शब्द कुठून सुरू करायचा हे ठरवायला पहिले, अक्षरामागे रंगीत पट्टी नेमकी बसवायला दुसरे.

देवनागरीत एक चूक हमखास होते: एकेक कॅरेक्टर वेगळे मोजून बेरीज करणे. ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एक जोडाक्षर दिसतो, पण स्मृतीत तो स, हलन्त, त, हलन्त, र आणि ी असा सहा कॅरेक्टरांचा असतो. त्यांतील हलन्त किंवा वेलांटी एकटी मोजायला दिली तर ती आधाराला ठिपक्यांचे वर्तुळ घेऊन येते आणि बेरीज भलतीच फुगते. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी तर स्मृतीत क नंतर आणि स्क्रीनवर क आधी. म्हणून नेहमी संपूर्ण शब्द किंवा ओळ मोजावी. ओळ मध्ये तोडायचीच असेल, तर ‘ब्रेक इटरेटर’ला विचारून अक्षराच्या खऱ्या सीमेवर तोडावी.

१०. पॉपअप दाखवण्याआधीच त्याची उंची हवी आहे. आधी मोजता येते का?

येते. व्ह्यूवर ‘मेझर’ स्वतः बोलावून दोन्ही दिशांना ‘अनस्पेसिफाइड’ देतात आणि ‘गेटमेझर्डहाइट’ वाचतात. चित्र किंवा आयकनसाठी हे चालते. मजकुरासाठी मात्र हाच सापळा आहे: रुंदीला मर्यादा नाही असे सांगितल्यावर ‘टेक्स्टव्ह्यू’ सगळा परिच्छेद एका लांबलचक ओळीत मांडतो आणि एका ओळीची उंची सांगतो. पॉपअप दिसतो तेव्हा त्याच्या पाच ओळी होतात. रुंदी माहीत असेल तर तीच ‘एक्झॅक्टली’ किंवा ‘ॲट मोस्ट’ म्हणून द्यावी आणि फक्त उंची मोकळी ठेवावी.

११. ‘स्क्रोलव्ह्यू’मध्ये ठेवलेली यादी एकच ओळ दाखवते. बाकीच्या नोंदी कुठे गेल्या?

कुठेही गेलेल्या नाहीत. ‘स्क्रोलव्ह्यू’ मुलाला उंचीसाठी ‘अनस्पेसिफाइड’ सांगतो (प्रश्न ७), आणि ‘लिस्टव्ह्यू’ त्या निरोपाला पहिल्याच नोंदीची उंची उत्तर म्हणून देतो. सगळ्या नोंदींच्या उंचीची बेरीज करून ती बळेच लादणारा कोड जागोजागी सापडतो, तो टाळावा. ‘नेस्टेड स्क्रोलव्ह्यू’मध्ये ‘रिसायक्लरव्ह्यू’ ठेवल्यास सगळ्या नोंदी दिसतात खऱ्या, पण त्या एकदमच तयार होतात आणि पुनर्वापराचा फायदा उरत नाही. वरचा मथळा हीच यादीची पहिली नोंद करावी, म्हणजे बाहेरच्या स्क्रोलव्ह्यूची गरजच संपते.

१२. स्क्रीनची रुंदी कशी काढावी? आणि त्याच फोनवर काही दिवसांनी डीपीमधली रुंदी बदललेली का दिसते?

आधी स्वतःला विचारावे की स्क्रीनची रुंदी खरोखर हवी आहे का. अँड्रॉइड ७ पासून दोन ॲप शेजारी-शेजारी चालतात, घडीचे फोन मध्येच उलगडतात, त्यामुळे जवळजवळ नेहमी हवी असते ती आपल्या खिडकीची रुंदी. ‘डिस्प्ले’चे ‘गेट साइझ’ अँड्रॉइड ११ पासून कालबाह्य ठरवले असून त्याच आवृत्तीत ‘विंडो मॅनेजर’ला ‘गेट करंट विंडो मेट्रिक्स’ मिळाले. जुन्या फोनसाठी जेटपॅक या गूगलच्या पूरक लायब्ररी-संचातील ‘विंडो मेट्रिक्स कॅल्क्युलेटर’ आहे. मांडणी निवडताना ६०० डीपीच्या आतील, ६०० ते ८४० मधील आणि ८४० पासून पुढची अशा तीन रुंदी-वर्गांनी बरेचसे काम भागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सेटिंगमध्ये आहे. अँड्रॉइड ७ मध्येच ‘डिस्प्ले साइझ’ ही सोय आली. वापरकर्त्याने ती वाढवली की प्रणाली घनताच वाढवते. पिक्सेल तेवढेच राहतात, डीपी कमी होतात. ४२० डीपीआयचा १०८० पिक्सेलवाला फोन ४८० वर नेला की ४११ डीपीचा ३६० होतो. म्हणून डीपीत काढलेली रुंदी फाइलमध्ये जपून ठेवू नये.

१३. स्टेटस बारची आणि कीबोर्डची उंची कशी मिळवावी?

‘विंडो इन्सेट्स’कडून, म्हणजे खिडकीचा किती भाग प्रणालीने व्यापला ते सांगणाऱ्या मापांकडून. स्टेटस बार २४ डीपीचा असतो हे गृहीतक कॅमेऱ्यासाठी खाच असलेल्या फोनांनी कधीच मोडीत काढले. अँड्रॉइड १५ साठी बांधलेले ॲप तर त्या आवृत्तीवर आपोआप कडेपासून कडेपर्यंत पसरते, म्हणजे बारखाली काय झाकले जाते याचा हिशेब आता आपल्याकडेच आला. कीबोर्डसाठी ‘आयएमई’ हा इन्सेटचा प्रकार मागावा. दृश्य चौकोनाची उंची वजा करून कीबोर्ड ओळखण्याची जुनी युक्ती दोन ॲप शेजारी उघडली की चुकते.

१४. बटण ४८ डीपीचे असावे म्हणतात. पट्टी लावून मोजले तर माझ्या दोन फोनवर वेगवेगळे मिलिमीटर भरतात. मग डीपी खोटे का?

हिशेबाने ४८ डीपी म्हणजे ०.३ इंच, म्हणजे ७.६२ मिलिमीटर. पण हा हिशेब स्क्रीनची खरी घनता आणि जाहीर केलेली घनता एकच असेल तेव्हाच खरा ठरतो, आणि ती क्वचितच एक असते. हे पहिल्या फोनपासूनचे आहे. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची, एचटीसी ड्रीमची, स्क्रीन ३.२ इंची आणि ३२० × ४८० पिक्सेलची होती. तिची खरी घनता इंचाला सुमारे १८० पिक्सेल भरते, तरी ती १६० च्याच गटातली. तिच्यावर ४८ डीपीचे बटण सुमारे ६.८ मिलिमीटरचे होते. गंमत अशी की ॲपलने सांगितलेले ४४ पॉइंटचे माप पहिल्या आयफोनच्या १६३ पिक्सेल प्रति इंच स्क्रीनवर जवळजवळ तेवढेच, सुमारे ६.९ मिलिमीटर, येते.

डीपी खोटे नाही. ते मुळात मिलिमीटर असल्याचा दावाच करत नाही. मापपट्टीचे किंवा अंगठीचे माप सांगणारे ॲप लिहित असाल तर ‘एक्सडीपीआय’ आणि ‘वायडीपीआय’ ही हार्डवेअरने सांगितलेली मूल्ये आहेत, पण काही उत्पादक तीही ढोबळच भरतात. अशा ॲपमध्ये वापरकर्त्याला स्क्रीनवर एटीएम कार्ड ठेवून रेषा जुळवायला सांगणे हा खात्रीचा मार्ग. कार्डाची रुंदी जगभर ८५.६ मिलिमीटर असते. फोन अरुंद असेल तर कार्ड उभे लावावे.

४८ डीपी ही स्पर्शाच्या जागेची अपेक्षा आहे, चित्राची नव्हे. २४ डीपीच्या आयकनला चारही बाजूंनी १२ डीपी पॅडिंग दिले की ती पुरी होते.

१५. सात रकान्यांच्या दिनदर्शिकेत उजवीकडे बारीक पांढरी रेघ उरते. कुठून येते?

पूर्णांकाच्या भागाकारातून. १०८० ला ७ ने भागले की १५४.२८ येते, रकाना १५४ पिक्सेलचा केला तर सात रकाने १०७८ होतात आणि २ पिक्सेल उरतात. रकान्याची रुंदी एकदाच काढून सातदा वापरण्याऐवजी प्रत्येक रकान्याची डावी कड ‘क्रमांक × एकूण रुंदी ÷ ७’ अशी काढावी आणि पुढच्या कडेतून ती वजा करून रुंदी घ्यावी. काही रकाने एका पिक्सेलने मोठे होतात, डोळ्यांना कळत नाही, रेघ जाते.

असाच घोळ रिसोर्समधून माप वाचताना होतो. ४२० डीपीआयवर १ डीपी म्हणजे २.६२५ पिक्सेल. ‘गेट डायमेन्शन’ २.६२५ देते, ‘गेट डायमेन्शन पिक्सेल ऑफसेट’ अपूर्णांक टाकून २, आणि ‘गेट डायमेन्शन पिक्सेल साइझ’ जवळच्या पूर्णांकाला नेऊन ३. शेवटचे फंक्शन शून्य नसलेल्या मापाला किमान १ पिक्सेल तरी देते, म्हणून बारीक रेघांसाठी तेच वापरावे.

१६. ॲनिमेशनने व्ह्यू दुप्पट मोठा केला, तरी ‘गेटविड्थ’ जुनाच आकडा सांगते. हा दोष आहे का?

दोष नाही. ‘स्केल एक्स’, ‘रोटेशन’ आणि ‘ट्रान्सलेशन’ हे रेखाटताना लावले जातात. मापन आणि मांडणी त्यांच्या आधीच उरकलेली असते. शेजारचे व्ह्यू बाजूला सरकत नाहीत तेही याच कारणाने. रूपांतर धरून पालकाच्या चौकटीत व्ह्यू कुठे बसतो ते ‘गेट हिट रेक्ट’ सांगते, आणि स्क्रीनवर त्याचा कितपत भाग खरोखर दिसतो ते ‘गेट ग्लोबल व्हिजिबल रेक्ट’. शेजाऱ्यांनीही जागा सोडावी असे वाटत असेल तर ‘लेआउट पॅराम्स’मधील रुंदीच बदलावी लागते.

१७. जेटपॅक कंपोजमध्ये (पडदे कॉटलिन कोडमध्येच रचण्याच्या नव्या पद्धतीत) यातले काय उरते?

एककांबद्दलचे (प्रश्न १, २), मजकुराबद्दलचे (प्रश्न ८, ९) आणि खिडकीबद्दलचे (प्रश्न १२, १३) सगळे उरते. मोजण्याची रीत मात्र बदलते. कंपोजमध्ये पालक एका मांडणीत मुलाला एकदाच मोजू शकतो. दुसऱ्यांदा मोजायला गेलात तर अपवाद फेकला जातो. प्रश्न ७ मधील दुपटीची साखळी त्यामुळे तुटते. मोजण्याआधी अंदाज हवा असेल तर ‘इन्ट्रिन्सिक’ मापे विचारता येतात: दोन स्तंभांमधली उभी रेघ उंच स्तंभाएवढी व्हावी यासाठी ‘रो’ची उंची ‘इन्ट्रिन्सिक साइझ मिन’ ठेवणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

झालेले माप ‘ऑन साइझ चेंज्ड’मधून मिळते आणि ते पिक्सेलमध्ये असते, डीपी करण्यासाठी ‘लोकल डेन्सिटी’ लागते. ते माप स्टेटमध्ये ठेवून त्यावरून दुसऱ्या घटकाचा आकार ठरवणारा कोड मी वारंवार पाहतो. तो चालतो, पण पहिल्या फ्रेमला माप शून्य असते आणि दुसऱ्या फ्रेमला मांडणी उडी मारते; दोन घटक एकमेकांच्या मापावर अवलंबून असतील तर ही उडी थांबतच नाही. एका घटकाचे माप दुसऱ्याला लागत असेल तर दोघांचा पालक ‘लेआउट’ वापरून स्वतः लिहावा, एकाला आधी मोजावे, त्याचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेत घालावा, आणि सगळे त्याच फ्रेममध्ये उरकावे. उपलब्ध जागेवरून वेगळीच मांडणी निवडायची असेल तेव्हा ‘बॉक्स विथ कन्स्ट्रेंट्स’ आहे. तो आतला भाग मापनाच्या वेळी रचतो, त्यामुळे यादीच्या प्रत्येक नोंदीत त्याला बसवणे महागात पडते.